यंत्रावरील झिलई आणि कारागिराचा हात

मोटारीच्या इतिहासात वेगाचे व किमतीचे आकडे विपुल आढळतात. परंतु इंजिनाच्या धातूवर ज्याचा हात फिरला त्या कारागिराचा उल्लेख क्वचितच होतो. धातुकामावर ज्यांच्या कित्येक पिढ्यांची गुजराण झाली, अशा आपल्या ज्ञातिबांधवांना तरी ही उणीव जाणवावी. झिलई म्हणजे केवळ शोभा, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. त्याची शहानिशा करावयाची तर मोटारीच्या जन्मापूर्वीच्या काळात जावे लागते.

१८४२ च्या मे महिन्यात व्हर्सायहून पॅरिसकडे निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि पन्नासाहून अधिक उतारू प्राणांस मुकले. भक्कम दिसणारे लोखंड रोजच्या चालीत अकस्मात का मोडावे? या प्रश्नाचा पिच्छा पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या अभियंत्याने पुरविला. एका झटक्याला दाद न देणारा धातू त्याहून कमी भाराच्या असंख्य हेलकाव्यांनी मोडतो, हे त्याने १८७० पर्यंतच्या प्रयोगांतून सिद्ध केले. असा तडा बहुधा पृष्ठभागावर, एखाद्या ओरखड्यापाशी किंवा तीक्ष्ण कोपऱ्यात जन्म घेतो. इंजिनातील कनेक्टिंग रॉड मिनिटाला हजारो वेळा ताणला व दाबला जातो. म्हणूनच शर्यतीच्या इंजिनांत तो आरशासारखा घासण्याची चाल पडली. कानशीने घडाईची शिवण काढावयाची, मग जाड्याकडून बारीक एमरी कापडाकडे यावयाचे, आणि शेवटचा हात नेहमी लांबीच्या दिशेने फिरवावयाचा. कारण आडवा ओरखडा घातक, उभा त्या मानाने निरुपद्रवी. येथे झिलई हे बळ आहे, दागिना नव्हे.

परंतु गुळगुळीत आणि सपाट या दोन गोष्टी एक नव्हेत. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ याने १८४० साली ग्लासगो येथील विद्वत्सभेत हाच भेद मांडला. दोन पत्रे एमरीने एकमेकांवर घासले तर ते चकाकतील, पण एक खोलगट व दुसरा फुगीर होऊनही बशीत बशी बसावी तसे ते बसतील. त्याने तीन पत्रे घेतले. एकाला रंग लावून दुसऱ्यावर टेकवावयाचा, जेथे रंग उमटेल तो उंचवटा हाताने खरवडावयाचा. आणि तिन्ही पत्रे आळीपाळीने एकमेकांशी तंतोतंत जुळेपर्यंत थांबावयाचे नाही. तिघांचे जुळणे सपाटीवाचून शक्यच नाही. इतकी साधी, तरीही इतकी अचूक युक्ती यंत्रविद्येत विरळा!

ही विद्या मोटारीत कळसास नेली ती एत्तोरे बुगाटी याने. १८८१ साली मिलान येथे जन्मलेल्या या गृहस्थाचा पिता कार्लो कलात्मक लाकूडसामान घडविणारा, तर बंधू रेम्ब्रां शिल्पकार. म्हणजे घरच कारागिरांचे. १९०९ मध्ये त्याने आल्सेस प्रांतातील मोल्सहाइम येथे कारखाना थाटला. प्रांत तेव्हा जर्मनीत होता, पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्समध्ये आला. तेथे इंजिनाच्या भागांची तोंडे हाताने इतकी सपाट खरवडीत की मध्ये गॅस्केट घालण्याचे कारणच उरत नसे. १९२४ च्या 'टाइप ३५' मोटारीचा पुढील आस पोकळ, झिलईदार, आणि त्याच्यातून आरपार स्प्रिंगा गेलेल्या. उघड्या पृष्ठभागांवर बारीक वर्तुळांची नक्षीही उमटविलेली असे.

आज जुन्या मोटारींची डागडुजी करताना काही हौशी मंडळी विजेवर फिरणारे चाक लावून सारे भाग एकजात लखलखीत करतात. पुण्याच्या तांबट आळीतील मठारलेल्या हंड्यावरचे ठोके घासून टाकण्यापैकीच हा प्रकार! अ‍ॅल्युमिनियम मऊ असल्याने त्याच्या कडा पाहतापाहता गोल होतात. नक्षी तर जातेच. शिवाय जेथे तोंडाला तोंड भिडावयाचे, तेथे कड उतरली की तेल पाझरू लागते, आणि मूळ कारागिराने गाळलेले गॅस्केट आता घालावे लागते. हाताने काम करणारा एमरीचे कण धातूने भरू नयेत म्हणून रॉकेलचा ओला हात देतो, पाण्यात कॉस्टिक सोडा येऊ देत नाही, आणि जुळणीच्या तोंडांना एमरी लावीतच नाही. जुळणीची तोंडे एमरीने घासू नयेत, असेच व्हिटवर्थने ग्लासगोच्या सभेत बजावले होते.