प्रसवपूर्व परिचर्या व मानसिक आरोग्य, वऱ्हाडातील
प्रसवपूर्व परिचर्या व मानसिक आरोग्य, वऱ्हाडातील : गर्भवतीच्या शारीरिक तपासणीबरोबरच तिच्या मनःस्थितीची विचारपूस करून आवश्यक तेथे समुपदेशन व उपचार त्याच आरोग्यसेवेतून पुरविण्याच्या पद्धतीचा वऱ्हाडच्या, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांच्या, संदर्भातील इतिहास.

गर्भवतीचे मन जपावे, हा विचार भारतात प्राचीन आहे. गर्भ टिकवून धरणाऱ्या गोष्टींत चरकसंहितेने मनाच्या प्रसन्नतेस श्रेष्ठ स्थान दिले आहे. आयुर्वेदाने गर्भवतीस ‘द्विहृदया’ मानले व तिच्या इच्छा पुरविण्यास महत्त्व दिले. डोहाळजेवण व पहिल्या बाळंतपणासाठी मुलीस माहेरी आणणे या रूढींतही हीच दृष्टी दिसते. तथापि हा आधार सर्वस्वी कुटुंबावर अवलंबून असे. दारिद्र्य, पतीचे दुर्वर्तन किंवा मुलगा व्हावा हा आग्रह हेच दुःखाचे कारण असेल, तर अशा स्त्रीला घराबाहेर आधार नसे.

आधुनिक काळात १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन निधीमुळे स्त्रियांच्या रुग्णालयांना चालना मिळाली. अमरावतीचे ‘डफरिन’ व अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ ही स्त्री रुग्णालयांची नावे लोकांच्या तोंडी आजही आहेत. या सेवेचा मुख्य हेतू सुरक्षित प्रसूती हा होता. मेळघाटातील बालमृत्यूंकडे १९९३ मध्ये देशाचे लक्ष वेधले गेले; त्यानंतर १९९५-९६ पासून आदिवासी भागांत राबविलेल्या नवसंजीवन योजनेचा भर आहार, औषधे व बालकांचे उपचार यांवर होता. मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ मध्ये व जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. माता-आरोग्य आणि मानसिक आरोग्य या सेवा अशा रीतीने स्वतंत्रपणे वाढल्या.

त्यांचा परस्परसंबंध शेजारच्या गोव्यातील संशोधनाने स्पष्ट केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या अभ्यासात गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीपासून २७० स्त्रियांचा मागोवा घेण्यात आला. प्रसूतीनंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के मातांत अवसाद (नैराश्यविकार) आढळला. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता. आर्थिक हलाखी, बिघडलेले वैवाहिक संबंध व अर्भकाचे लिंग हे घटक महत्त्वाचे ठरले. अवसादग्रस्त मातांच्या अर्भकांचे वजन सहाव्या महिन्यात कमी असण्याचा धोका अधिक असल्याचे पुढील अभ्यासात दिसले. कुपोषणग्रस्त मेळघाटाच्या दृष्टीने हा निष्कर्ष विशेष विचारार्ह होय. पुढे गोव्यातच २८० अवसादग्रस्त गर्भवतींवर झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित स्थानिक स्त्रियांनी घरभेटींतून आधार दिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याचा लाभ माफक असला, तरी दिसून आला.

वऱ्हाडात या दिशेने पहिली वाट शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नातून निघाली. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबविण्यात आला. त्यात गावपातळीवरील कार्यकर्ते, समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी उभारण्यात आली. अवसादग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांपर्यंत वाढले. शासनाने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात अमरावती व अकोला यांचा समावेश होता; शेतकरी कुटुंबांतील ताणाची विचारपूस आशा कार्यकर्तींकडे सोपविण्यात आली. हे दोन्ही उपक्रम केवळ गर्भवतींसाठी नव्हते. तथापि गर्भवतीच्या घरी जाणारी आशाच मनाचीही चौकशी करू शकते, हे त्यांतून सूचित झाले.

साधने दुर्मिळ नाहीत. १९८७ मध्ये तयार झालेली एडिंबरो प्रश्नावली केवळ दहा प्रश्नांची आहे. परंतु प्रश्न विचारल्यावर पुढील समुपदेशन जवळ उपलब्ध नसेल, तर त्या विचारपुशीला अर्थ उरत नाही. शिवाय सासूसमोर विचारलेल्या प्रश्नास सून खरे उत्तर देईलच असे नाही आणि मेळघाटात कोरकू भाषेवाचून संवादच अपुरा राहतो. म्हणून एकांत, स्त्रीची स्वतःची भाषा आणि उपचारापर्यंत पोहोचविणारी साखळी या तीन गोष्टींवर वऱ्हाडातील या सेवेचे यशापयश अवलंबून आहे.