नीलेतील दाबाची मोजणी: हैदराबादचा क्लोरोफॉर्म आयोग ते केमोपोर्ट

शरीरभर फिरून आलेले रक्त ऊर्ध्व आणि अधो महानीलांतून हृदयाच्या उजव्या कर्णिकेत शिरते. त्या तोंडाशी असलेल्या दाबाला मध्यवर्ती नीलादाब म्हणतात. रुग्णालयात मात्र सगळे सीव्हीपीच म्हणतात. निरोगी माणसात तो पाऱ्याच्या साधारण 2 ते 8 मिलिमीटर इतका असतो. दाब इतका थोडा असल्याने मोजणीतली लहानशी चूकही महागात पडते.

पहिली मोजणी स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने केली. 1733 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने घोडीच्या रोहिणीला काचेची उभी नळी जोडल्याचे वर्णन केले आहे. रक्त आठ फुटांच्या वर चढले. मानेच्या नीलेत मात्र ते सुमारे फूटभरच चढले, आणि घोडी कण्हून जोर करू लागली की आणखी वर गेले. रुग्ण खोकला किंवा कुंथला की सीव्हीपीचा आकडा उसळतो, ही गोष्ट त्या नळीतच दिसून गेली होती. पुढे 1828 साली प्वाझेने पाऱ्याचा दाबमापक वापरला आणि 1847 साली लुडविगने दाबाची रेघ फिरत्या कागदावर उमटवली.

ही पद्धत दख्खनमध्ये आली ती निजामाच्या पैशातून. निजामाच्या राज्याच्या राजधानीत, हैदराबाद वैद्यकीय विद्यालयाचा प्रमुख एडवर्ड लॉरी याने 1888 आणि 1889 साली दोन क्लोरोफॉर्म आयोग भरवले. दुसऱ्या आयोगासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी हजार पौंड दिले आणि ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांना लंडनहून पाठवले. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. अनेकांच्या रोहिणीत नळी घालून दाबाच्या रेघा काढल्या गेल्या. मोजणी रोहिणीतली होती, नीलेतली नव्हे. पण वाहिनीत नळी घालून द्रवाच्या स्तंभातून दाब वाचण्याचे तत्त्व तेच. त्या रेघांवरून लॉरीने ठरवले की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर; म्हणून भूल देताना नाडीकडे न पाहता श्वासावर लक्ष ठेवावे. 1911 साली गुडमन लेव्हीने मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय एकाएकी बंद पडू शकते. हैदराबादचे काम परिश्रमाचे होते आणि रेघाही खऱ्या होत्या. त्यांवर उभा केलेला सरसकट नियम मात्र चुकीचा ठरला. सीव्हीपीच्या बाबतीतही पुढे असेच घडले.

माणसाच्या हृदयापर्यंत नळी नेण्याचे धाडस 1929 साली एबर्सवाल्ड येथे वर्नर फोर्समनने स्वतःवरच केले. 1956 साली त्याला कुर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासह नोबेल मिळाले. 1952 साली ओबानियाकने हासळीच्या हाडाखालच्या नीलेची वाट दाखवली, 1953 साली सेल्डिंगरने तारेवरून नळी सरकवण्याची युक्ती दिली. 1962 साली विल्सन आणि सहकाऱ्यांनी रक्ताचे प्रमाण राखण्यासाठी सीव्हीपी वापरल्याचे लिहिले, आणि तेथून हा आकडा अतिदक्षता विभागात रुळला.

दीर्घ उपचारांसाठी टिकाऊ नळी हवी होती. ब्रोव्हियाकची 1973 साली आली, हिकमनची 1979 साली. दोन्हींचे टोक त्वचेबाहेर राही. 1982 साली नीडरह्यूबर आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण त्वचेखाली बसणाऱ्या पोर्टचा वापर प्रसिद्ध केला. छातीच्या त्वचेखाली लहान डबी, तिच्यावर सिलिकॉनचा पडदा, आणि महानीलेपर्यंत गेलेली नळी. खास ह्यूबर सुईने पडदा टोचतात. तिने पडद्याचा तुकडा निघत नाही. कर्करोगाचे रुग्ण याला केमोपोर्ट म्हणून ओळखतात.

या डबीतून सीव्हीपी मोजता येतो, कारण स्थिर द्रवाचा स्तंभ दाब जसाच्या तसा पोचवतो. नळी अरुंद आणि लांब असल्याने लहरींचा आकार बोथट होतो, सरासरी आकडा मात्र टिकतो. त्यासाठी नळीचे टोक महानीलेत असावे, रक्त सहज ओढता यावे, हवेचा बुडबुडा नसावा आणि मोजताना वेगाने सलाईन चालू नसावे. शून्याची पातळी चौथ्या बरगडीखाली, छातीच्या मध्य उंचीवर धरतात. 1945 साली विन्सर आणि बर्च यांनी सुचवलेली ही जागा आजही वापरात आहे. टोकाला झडप असलेल्या नळीतून, झडप मिटलेली असताना, दाब नीट पोचत नाही. ज्यांच्या प्लेटलेट कमी आहेत अशा रुग्णाला नवी नळी टोचण्याचा धोका पोर्टमुळे टळतो, हा त्याचा मोठा लाभ. प्रत्येक टोचणीबरोबर जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून केवळ एका आकड्यासाठी पोर्ट उघडणे योग्य नाही.

2008 साली मारिक आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास तपासले आणि सीव्हीपीवरून सलाईन द्यावे की नाही हे ठरवता येत नाही, असे दाखवले. आकडा आणि रक्ताचे प्रमाण यांचा ठळक संबंध दिसला तो सात जाग्या, उभ्या घोड्यांवरील एका अभ्यासात. तरीही फार वाढलेला सीव्हीपी उजव्या हृदयावरचा ताण किंवा साचलेला द्रव सुचवतो, आणि त्यासाठी पोर्टमधली नीट घेतलेली मोजणी पुरेशी ठरते. सलाईनचा निर्णय मात्र पाय उंचावून आणि सोनोग्राफीने केलेल्या तपासणीवर घ्यावा.