काम काय करतोस?

राजांचा इतिहास लिहिला गेला, लढायांचा लिहिला गेला. कामगाराच्या नाकातून शिरणाऱ्या विषाचा इतिहास कुणी लिहायचा? मी सूतगिरणीत राबतो. तिथली धूळ निदान डोळ्यांना दिसते. सोल्युशनची वाफ दिसतही नाय. म्हणून आज तिच्याबद्दल लिहितो.

आपल्या वस्त्यांतली पोरं शहरात जमिनीवर व्हिनाइल, गालिचे, लाकडी पट्ट्या चिकटवायच्या कामाला जातात. चिकटवायचं सोल्युशन म्हणजे पातळ केलेलं रबर. ते पातळ करणारं रसायन उडून गेलं की पट्टी घट्ट बसते. पण उडून जातं कुठं? टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड असते. ती जमिनीलगत साचते. आणि आपला गडी गुडघ्यावर, तोंड जमिनीकडं. खिडक्या बंद, कारण धूळ बसली तर मालक ओरडतो. डोकं दुखतं, गरगरतं, झोक जातो. लोक म्हणतात, प्यायलाय!

दोस्तांनो, हे आजचं नाही. इटलीत मोडेना शहरात रामाझ्झिनी नावाचा डॉक्टर होता. त्याच्या घरचा मैलाखड्डा उपसायला माणूस आला. तो जीव खाऊन घाई करत होता. डॉक्टरनं कारण विचारलं. तो म्हणाला, इथं जास्त वेळ थांबलं तर डोळे जातात. डॉक्टरनं ते ऐकलं, खरं मानलं, आणि १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ काढला. त्यात त्यानं डॉक्टरांना बजावलं : रोग्याला आणखी एक प्रश्न विचारा, काम काय करतोस?

आपल्याकडं हा प्रश्न विचारायची गरजच ठेवली नव्हती. जात सांगितली की काम कळायचं. १९३६ साली बाबासाहेबांनी दाखवून दिलं, जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती कामगारांचीच वाटणी आहे. पण त्या कामानं देहाचं काय केलं, त्याची नोंद कोण ठेवणार?

नोंद ठेवली की काय होतं ते इस्तंबूलला बघा. १९५५ नंतर तिथल्या बूट-चपला बनवणाऱ्यांच्या हातात बेंझीनचं स्वस्त सोल्युशन आलं. कोंदट खोल्या, दिवसभर वास. डॉक्टर मुझफ्फर अक्सॉय यांनी रोग्यांचं काम विचारलं, मोजलं. १९७४ साली त्यांनी छापलं : २८,५०० कामगारांत १९६७ ते १९७३ या काळात २६ जणांना ल्युकेमिया किंवा त्याची आधीची अवस्था. आकडा झाला, तेव्हा जगाला ऐकू आलं. पण बेंझीन काढलं की दुसरं विष येतं. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरी बसून सँडल चिकटवणाऱ्यांचे हातपाय हेक्झेननं बधिर झाले. चपलेचं सोल्युशन आणि जमिनीचं सोल्युशन एकाच घराण्यातलं!

डेन्मार्कमध्ये १९७० च्या दशकात रंगारी विसरभोळे, चिडखोर व्हायला लागले. वाफेनं मेंदू खाल्ला, असं डॉक्टरांनी लिहिलं. १९८२ पासून तिथं डब्यावर दोन आकडे आले. पहिला सांगतो हवा किती हवी, दुसरा सांगतो कातडी किती सांभाळायची. नियम असा की विष कमी असलेला डबा मिळत असेल तर तोच वापरायचा.

आपल्याकडं भोपाळनं माणसं मारली तेव्हा, १९८७ साली, १९४८ च्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती मागायचा हक्क कामगाराला मिळाला. १९९१ साली भारतानं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बेंझीन करारही मान्य केला. पण जमीन चिकटवणारा पोरगा कारखान्यात कुठं असतो? तो दुसऱ्याच्या घरात, ठेकेदाराच्या रोजावर. आज इथं, उद्या तिथं. हजेरीपटावर नाव नाय, मग रोगावर तरी नाव कसं येणार?

कार्यकर्त्यांनो, मोर्चे काढाच. पण एक वहीपण घाला. वस्तीतल्या आजारी माणसाला विचारा : काम काय करतोस? किती वर्षं? डब्यावर काय लिहिलंय? खिडकी उघडी असते का? तारीख टाकून लिहा. दवाखान्यात बरोबर जा, केसपेपरवर त्याचं काम लिहायला लावा. ठेकेदाराला सांगा, खिडक्या उघड, पंखा लाव, पाण्यातलं सोल्युशन आण.

मैला उपसणाऱ्याचं एक वाक्य एकानं ऐकलं, त्याचा ग्रंथ झाला. आपल्या वस्तीत अशी वाक्यं रोज खोकतात.