मृत्यूच्या दरीतली एका दिवसाची पायपीट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण गेल्या हिवाळ्यात धाकट्या भावाकडे कॅलिफोर्नियाला गेले होते. तेथे एक दिवस जी पायपीट घडली आणि त्या जागेचा जो इतिहास कळला, तो तुम्हाला सांगावासा वाटतो. इंग्रजी पाट्या आणि पुस्तके माझ्या भाचीने वाचून मराठीत समजावली. तिच्याच भरवशावर हे लिहीत आहे.

जागेचे नाव डेथ व्हॅली, म्हणजे मृत्यूची दरी. नाव ऐकूनच मी म्हटले, ‘बाई गं, सहलीला जायला दुसरी जागा नाही का मिळाली?’ कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला, नेवाडा राज्याच्या सीमेलगत हे वाळवंट आहे. त्यातला बॅडवॉटर नावाचा सखल भाग समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली आहे. वर्षाचा पाऊस जेमतेम दोन इंच. १० जुलै १९१३ रोजी तेथील फर्नेस क्रीक या ठिकाणी ५६.७ अंश सेल्सियस उष्णतेची नोंद झाली. म्हणून चालायला जायचे ते हिवाळ्यातच.

भाऊ, भावजय, भाची आणि त्यांच्या ओळखीची मंडळी मिळून आम्ही अकरा जण होतो. सकाळी गोल्डन कॅन्यन नावाच्या घळीच्या तोंडाशी उतरलो. दोन्ही बाजूंना हळदीच्या रंगाच्या भिंती, मधून अरुंद वाट, आणि टोकाला विटेसारखा लाल कडा. गवताची काडी म्हणून नाही. पूर्वी या घळीत मोटारीचा डांबरी रस्ता होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार दिवस वादळी पाऊस पडला आणि पुराने तो उखडून नेला. पुन्हा रस्ता केलाच नाही, पायवाटच ठेवली. जेथे पाण्याचा थेंब दिसत नाही तेथे पाण्यानेच रस्ता नेला, याचे मला नवल वाटले. भाची म्हणाली, ‘आत्या, या घळीसुद्धा पाण्यानेच कोरल्या आहेत.’

पुढे चढ लागला. मॅन्ली बीकन नावाच्या टोकदार सुळक्याच्या अंगाने वाट डोंगराच्या धारेवरून जाते. दोन्हीकडे उतार, पायाखाली भुसभुशीत माती. तेथे माझे डोके गरगरू लागले, जीभ टाळ्याला चिकटली. मी मटकन खालीच बसले. भाचीने माझी पाण्याची बाटली उचलून पाहिली, ती जवळजवळ भरलेली! ‘अगं आत्या, तू पाणीच प्यायली नाहीस?’ मी काय सांगणार? वाटेत आडोसा नाही, बरोबर पुरुषमाणसे, म्हणून मी सकाळपासून घोटघोटच घेतला होता. आपण बायका एस.टी.च्या प्रवासात करतो तेच. तिने मला बसवून थोडे थोडे पाणी पाजले, मीठ लावलेले दाणे दिले. अर्ध्या तासाने मी उठले. पण त्या अर्ध्या तासात तिने जो इतिहास सांगितला, तो मी जन्मात विसरणार नाही.

१८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि १८४९ साली हजारो माणसे तिकडे धावली. त्यांतले काही गट जवळची वाट म्हणून ठरलेला मार्ग सोडून निघाले आणि डिसेंबरमध्ये या दरीत येऊन अडकले. बैल हाडांचे सापळे झाले होते, अन्न संपत आले होते. दोन कुटुंबे झऱ्याशी थांबली आणि विल्यम मॅन्ली व जॉन रॉजर्स हे दोघे मदत आणायला पायी निघाले. वाट दोनशे मैलांहून जास्त. ते स्वतः सुटले होते, परत आले नसते तरी कोणी विचारले नसते. पण २६ दिवसांनी ते धान्य घेऊन परत आले आणि मुलाबाळांना बाहेर काढले. त्याच मॅन्लीचे नाव या सुळक्याला आहे. दरी सोडताना कोणीतरी मागे वळून ‘मृत्यूच्या दरी, येतो आम्ही’ अशा अर्थाचे बोलले आणि तेच नाव पडले, असे सांगतात.

त्याच वेळी ज्युलिएट ब्रायर नावाची बाई, तिचा धर्मोपदेशक नवरा आणि तीन लहान मुलगे असे कुटुंब येथून गेले. नवऱ्याची प्रकृती खालावलेली. बैलांवर ओझी लादणे, उतरवणे सगळे तिच्यावर आले. पाण्याच्या शोधात रात्री अंधारात बैलांच्या खुरांच्या खुणा चाचपडत, दमलेल्या मुलाला पाठीवर घेऊन ती फर्नेस क्रीकच्या झऱ्यापर्यंत पोचली. त्यांचा नाताळ तेथेच झाला. पुढेही कित्येक दिवस चालून तिने तिन्ही मुलगे सुखरूप पार नेले. ती १९१३ साली, ९९ वर्षांची होऊन वारली. मी बाटली हातात घेऊन बसले होते आणि मला माझीच लाज वाटली. तिला पाणी मिळत नव्हते, आणि मी भरली बाटली बाळगून तहानलेली!

परतताना आम्ही गोवर गल्च या दुसऱ्या घळीतून उतरलो. तेथे डोंगरात टाकणखाराच्या जुन्या खाणींची भोके दिसतात. आपला सोनार डाग देताना वापरतो तोच टाकणखार. येथल्या हार्मनी कारखान्यात १८८३ ते १८८८ या काळात तो तयार होई आणि वीस जनावरांच्या गाड्यांतून १६५ मैलांवर मोजावे गावच्या रेल्वेपर्यंत जाई. उन्हात खार गोळा करणारे मजूर चिनी होते. जाहिरातींत नाव खेचरांचे झाले, त्या मजुरांची नावे कोणाला माहीत नाहीत.

पण मला सर्वांत लागली ती गोष्ट निराळीच. ज्या झऱ्यापाशी ब्रायरबाईला जीवदान मिळाले, तो टिंबिशा शोशोनी लोकांच्या घरचा पाणवठा. ते तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत. मेस्कीट झाडाच्या शेंगा कुटून पीठ करीत, उन्हाळ्यात थंड डोंगरावर जात, तेथे चिलगोज्यासारख्या बिया गोळा करीत. हे काम मुख्यतः बायकांचे. त्यांच्या बायका विणत त्या टोपल्या आज संग्रहालयांत आहेत. १९३३ साली सरकारने तेथे राखीव क्षेत्र केले आणि नंतर या लोकांना चाळीस एकरांत बसवले. पुढे १९५० नंतरच्या काळात लोक उन्हाळ्यासाठी डोंगरावर गेले की त्यांची रिकामी मातीची घरे व्यवस्थापनाने पाण्याच्या नळाने धुऊन पाडली. ज्या मुलखात थेंब मोलाचा, तेथे पाण्यानेच घरे पाडावीत! तरी काही कुटुंबे हटली नाहीत. १९८३ साली सरकारने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी कायदा होऊन सुमारे साडेसात हजार एकर जमीन त्यांच्या नावे झाली. या लढ्यात पॉलीन एस्टेव्हस या वृद्ध बाई पुढे होत्या. आपल्या घराला मृत्यूची दरी म्हणतात हे त्या लोकांना कधीच पटले नाही. बाहेरून आलेल्यांना पाणी ठाऊक नव्हते म्हणून त्यांना तेथे मरण दिसले. ज्यांना पाणी ठाऊक होते त्यांनी तेथे संसार केले.

साडेबारा किलोमीटर चालून संध्याकाळी आम्ही मोटारीपाशी आलो तेव्हा माझ्या दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या. वाटेत दोनदा भावजयीने ओढणी धरून आडोसा केला. कोणी हसले नाही, कोणाचे काही बिघडले नाही. इतकी सोपी गोष्ट, आणि मी तिच्यापायी धारेवर कोसळणार होते.

तेव्हा भगिनींनो, एक विनंती करून पुरे करते. पुढच्या वर्षी मंडळाची सहल ठरवताना देऊळ कोणते आणि जेवण काय, याच्या आधी बायकांच्या सोयीची जागा कोठे कोठे आहे ते विचारून घ्यावे. आणि प्रत्येकीने बाटली भरून न्यावी, ती रिकामी करूनच घरी यावे.

— एक सभासद