भाषा-संस्कृती अभ्यास, पदव्युत्तर (बेळगाव–निपाणी सीमाभाग)

जिथे दोन किंवा अधिक भाषा पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदतात, तिथल्या बोली, साहित्य, दैवते, कागदपत्रे आणि सत्ताकारण यांचा एम. ए. व पीएच. डी. स्तरावरील अभ्यास. जगातल्या विद्यापीठांत तो आंतरराष्ट्रीय अभ्यास, प्रदेश-अभ्यास, भाषा व संस्कृती अशा नावांनी शिकवला जातो. बेळगाव (अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी), खानापूर आणि निपाणी या पट्ट्यात त्याची सामग्री घराच्या उंबऱ्यावर आहे. शिकण्याची सोय मात्र कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा अशा तीन राज्यांत विखुरली आहे.

या अभ्यासात सीमाभागाशेजारच्या एका गावाला जागतिक स्थान आहे. सांगलीजवळचे कुपवाड ते हे गाव. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची तुलना केली. शतकानुशतकांच्या शेजारामुळे तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतले वाक्य शब्दामागे शब्द ठेवून दुसरीत नेता यावे. शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले, कारण घरात आणि जातभाईंत बोलायची भाषा ही त्या त्या समाजाची ओळख होती. भाषासंपर्काचा विषय जिथे शिकवला जातो तिथे हा निबंध आजही वाचला जातो. त्याची प्रचिती घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही. मराठीत ‘येतो म्हणून सांगितलं’, कन्नडमध्ये ‘बर्तीनि अंत हेळिद’. ‘म्हणून’ आणि ‘अंत’ एकाच जागी बसून एकच काम करतात, आणि बेळगावच्या बाजारात दोन्ही वाक्ये एकाच तोंडून ऐकू येतात. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द कन्नडकडून आले असे भाषाभ्यासक सांगतात. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि तमिळ लेखांशेजारी मराठी लेख कोरलेला आहे. तो मराठीच्या सुरुवातीच्या लेखांपैकी एक.

दैवतांच्या अभ्यासाची वाटही इथूनच जाते. हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत शिकवणारे गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांवरचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध केला. अॅन फेल्डहाउस यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये आले. खंडोबा कर्नाटकात मैलार होतो, मराठी धनगरांचा बिरोबा कन्नड कुरुबांचा बीरप्पा होतो. मेंढरामागून जाणाऱ्या माणसाने राज्याची हद्द कधी मानलीच नव्हती. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) आणि शं. बा. जोशी यांचे मराठीतले ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ ही पुस्तकेही या विषयाच्या विद्यार्थ्याने टाळू नयेत. जोशी हे कन्नडचे थोर संशोधक, आणि मराठी संस्कृतीचा विचार त्यांनी मराठीतूनच मांडला, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

साहित्याच्या अंगाने पाहिले तर निपाणीचे महादेव मोरे हे एकटेच एका प्रबंधाचे साहित्य आहेत. पिठाची गिरणी चालवत त्यांनी तंबाखू, बिडी, मोटारी आणि मजुरी यांच्या जगातल्या माणसांच्या कथा-कादंबऱ्या तिथल्याच बोलीत लिहिल्या. बेळगावी बोलण्याचा कानडी हेल महाराष्ट्रभर पोचला तो पु. ल. देशपांडे यांच्या ‘गणगोत’मधल्या रावसाहेबांमुळे, पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते. अनुवादात उमा कुलकर्णी यांचे काम सर्वांत मोठे. बेळगावला जन्मलेल्या उमाताईंनी भैरप्पा, कारंत, कार्नाड या कन्नड लेखकांना मराठीत आणले आणि भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून दाखवत आणि त्या ऐकून मराठी करत. ‘संवादु-अनुवादु’ या त्यांच्या आत्मकथनाला अनुवादाच्या प्रत्येक पदव्युत्तर वर्गात जागा मिळायला हवी.

शिक्षणसंस्थांचा नकाशा १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आखला. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा त्या दिवशी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्याच वेळच्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकवण्याची सोय करण्यास सांगते, पण केवळ प्राथमिक टप्प्यापुरते. त्यापुढची मराठी ही विद्यापीठाच्या आणि सरकारच्या मर्जीवर राहिली. सीमावादावरच्या १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालाने निपाणी, नंदगड आणि खानापूर महाराष्ट्राला, तर बेळगाव म्हैसूरकडेच अशी शिफारस केली. ती महाराष्ट्राने मान्य केली नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

आधी इथला विद्यार्थी एम. ए.साठी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात जाई. १९८२ मध्ये त्या विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र बेळगावसाठी सुरू झाले. लोकांच्या तोंडी ते ‘पीजी सेंटर’च. २०१० मध्ये त्यातूनच राणी चन्नम्मा विद्यापीठ उभे राहिले. भुतरामहट्टीच्या त्याच्या आवारात कन्नडबरोबर मराठीचाही विभाग आहे.

निपाणीची गोष्ट निराळी. गाव कर्नाटकात, पण वेशीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि १८ नोव्हेंबर १९६२ रोजी स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. निपाणीतले पोर सकाळी चालत किंवा सायकलने परराज्यात शिकायला जाते आणि दुपारी जेवायला परत येते. पुढे एम. ए.ला कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटरवर, तर स्वतःच्या जिल्ह्याचे ठिकाण बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. बेळगाव-खानापूरच्या मुलांना चोर्ला घाट उतरला की १९८५ साली स्थापन झालेले गोवा विद्यापीठ आहे. मराठी, कोकणी, पोर्तुगीज आणि आंतरराष्ट्रीय अभ्यास हे सगळे ताळगावच्या एकाच पठारावर. परदेशी भाषा आणि जवळच्या भाषा एकत्र पाहू इच्छिणाऱ्याने तिकडे जरूर चौकशी करावी.

खरी अडचण विषयांच्या वाटणीची आहे. विद्यार्थी मराठी विभागात गेला की कन्नड मागे पडते, कन्नड विभागात गेला की मराठी. ज्याच्या घरी दोन्ही भाषा रोज बोलल्या जातात त्याला पदवीसाठी त्यातली एक दाराबाहेर ठेवावी लागावी, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. कन्नडला २००८ मध्ये आणि मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. आता दोन्हींच्या जुन्या ग्रंथांचे जोडवाचन सुरू व्हायला हरकत नाही. त्यासाठी हळेगन्नड (जुनी कन्नड), जुनी मराठी आणि मोडी लिपी अशी तिहेरी तयारी लागते. दुसरी भाषा रीतसर शिकू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाची (स्थापना १९६९) प्रादेशिक केंद्रे आहेत : मराठीसाठी पुण्याचे, कन्नडसाठी म्हैसूरचे, आणि अभ्यासक्रम दहा महिन्यांचा.