एका काउंटीचं उत्पन्न मोजायचं कसं?

अमेरिकेच्या जनगणनेनं ‘पगार किती?’ हे घराघरांत पहिल्यांदा विचारलं 1940 साली. गदारोळ झाला. सिनेटर चार्ल्स टोबी यांनी तर विरोधाची मोहीमच उघडली. पण प्रश्न टिकला.

पुढे 2000 पर्यंत दर दहा वर्षांनी काउंटीचं, म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्याचं, मध्यक उत्पन्न कळायचं. सगळी घरं कमाईनुसार रांगेत उभी केली तर बरोबर मधल्या घराचं, ते मध्यक. पण मधल्या नऊ वर्षांचं काय?

हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. गरीब मुलांच्या शाळांचा केंद्रीय निधी अशाच अंदाजांवर वाटला जातो. जुना आकडा म्हणजे चुकीच्या दारात पैसा. म्हणून 1990 च्या दशकात जनगणना खात्यानं नमुना पाहणीला आयकराच्या नोंदी आणि फूड स्टॅम्पची आकडेवारी जोडून नवे अंदाज काढले.

2005 पासून मोठी वार्षिक पाहणी आली. तरी छोट्या काउंटीत उत्तरं थोडीच मिळतात, म्हणून पाच वर्षांची एकत्र करतात. मग 2008 च्या मंदीचा खड्डा आधीच्या बऱ्या वर्षांनी अर्धा बुजतो.

तेव्हा दोन सालांचे आकडे जोडून रेघ ओढण्याआधी एवढंच बघा, फूटपट्टी तीच आहे ना?