पाण्याची आद्य प्रत : तारापूर परिसरांतील किरणोत्सर्गाच्या नोंदींची साधनचिकित्सा

एकाद्या पोथींतील प्रक्षिप्त भाग कोणता हें ठरवावयाचें तर तो भाग शिरण्यापूर्वींची प्रत हातीं असावी लागते, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तशी प्रत नसेल तर संपादक कितीही व्युत्पन्न असो, त्याचा निर्णय तर्कावरच राहतो. अणुविद्युत्-केंद्राच्या आसमंतांतील पिण्याच्या पाण्यासही हाच न्याय लागतो. केंद्रामुळें विहिरीच्या पाण्यांत कांहीं मिसळलें कीं नाहीं, हा प्रश्न एका अर्थीं पाठनिर्णयाचाच होय. त्याचीं साधनें प्रयोगशाळांच्या दप्तरांत आहेत, आणि त्या दप्तरांचा आरंभ आतां अर्धशतकामागें पडला आहे. इतिहासाचें साधन म्हणून तीं कशीं वाचावीं, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

तारापूर हें नांव वसईच्या मोहिमेच्या कागदांतून आपल्या परिचयाचें आहे. इ. स. १७३९ च्या आरंभीं तेथील फिरंगी कोट घेतांना बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच किनाऱ्यावर इ. स. १९६९ च्या आक्टोबरांत हिंदुस्थानांतील पहिलें अणुविद्युत्-केंद्र कामास लागलें. पुढें इ. स. २००५ व २००६ मध्यें प्रत्येकीं ५४० मेगावॅटच्या दोन भट्ट्यांची त्यांत भर पडली. केंद्र चालू होण्याआधींच तेथें परिसर-सर्वेक्षणाची प्रयोगशाळा स्थापून पाणी, माती, मासे, दूध, भाजीपाला यांतील किरणोत्सर्ग मोजून ठेवावयाचा, ही आपल्या अणुशक्ति-खात्याची पद्धति होय. पद्धति स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं. या पूर्वनोंदी म्हणजेच आपली आद्य प्रत.

परंतु ही आद्य प्रत शुद्ध आहे काय ? येथेंच खरी अडचण आहे, आणि तिचा विचार सामान्यतः कोणी करीत नाहीं. तारापूरच्या पूर्वनोंदींचा काळ इ. स. १९६९ पूर्वींच्या कांहीं वर्षांचा. अमेरिका, रशिया व ब्रिटन या राष्ट्रांनीं आकाशांत अणुबाँब उडविणें बंद करण्याचा करार इ. स. १९६३ च्या आगस्टांत मास्को येथें केला. तत्पूर्वींच्या दोन वर्षांत या स्फोटांची परमावधि झाली होती. त्यांची धूळ साऱ्या पृथ्वीवर पावसाबरोबर उतरली. पावसाच्या पाण्यांत विश्वकिरणांमुळें निसर्गतः ट्रिटियमचा अत्यल्प अंश असतो. उत्तर गोलार्धांतील कित्येक ठिकाणीं तो इ. स. १९६३ च्या सुमारास शेकडों पटींनीं वाढलेला आढळला. उष्ण कटिबंधांत ही वाढ त्या मानानें कमी, पण झालीच. स्ट्रॉन्शियम-९० व सीझियम-१३७ हीं द्रव्यें तर स्फोटांपूर्वीं पावसांत जवळजवळ नव्हतींच. तात्पर्य, आपण जिला मूळ प्रत म्हणतों तिच्यांतच दुसऱ्या हातचा मजकूर आधीं शिरलेला आहे.

याचा परिणाम विचित्र होतो. ट्रिटियम सुमारें १२ वर्षांत निम्मा होतो; स्ट्रॉन्शियम व सीझियम यांस सुमारें ३० वर्षें लागतात. म्हणजे केंद्र चालू झालें त्याच काळांत स्फोटांचा अंश आपोआप उतरणीस लागला होता. नुसतें ‘पूर्वीं इतकें होतें, आतां त्याहून कमी आहे’ असें दाखविलें तर त्यावरून केंद्र निर्दोष ठरत नाहीं. उतरणीच्या पोटांत एकादी लहानशी भर सहज दडूं शकते. उलट, पाण्यांत सीझियम-१३७ सांपडला एवढ्यावरून केंद्रावर ठपका ठेवणारेही तितकेच घाईचे.

मग निर्णय कसा करावा ? याचे दोन मार्ग पोथ्यांच्या अभ्यासकास सहज पटतील. पहिला मार्ग दोन परंपरांच्या तुलनेचा. केंद्राजवळची व केंद्रापासून दूरची, अशा सारख्याच जातीच्या दोन विहिरींचें पाणी एकाच ऋतूंत मोजावें. आकाशांतून आलेलें दोहींत सारखें उतरणार. जवळचीमध्यें जें अधिक निघेल त्याचाच जाब केंद्रास विचारावयाचा. दुसरा मार्ग लेखकाचें वळण ओळखण्याचा. सीझियम-१३४ हें द्रव्य भट्टींत उत्पन्न होतें. बाँबच्या धुळींत तें नगण्य असतें, व सुमारें दोन वर्षांत निम्मे होतें. तें आढळलें कीं हात भट्टीचा, बाँबचा नव्हे. मात्र कोणत्या भट्टीचा, हें तारीख पाहून ठरवावें लागतें, कारण इ. स. १९८६ मध्यें चेर्नोबिलची भट्टी फुटली तेव्हां हें द्रव्य देशोदेशीं पसरलें होतें.

मानांचा घोटाळा वेगळाच. शुहूर सन इसवींत बदलतांना ज्यानें घाम गाळला आहे त्यास हें काम अवघड नाहीं. जुन्या नोंदी पिकोक्यूरींत, नव्या बेकरेलांत; २०,००० पिकोक्यूरी म्हणजे ७४० बेकरेल. ट्रिटियमची अमेरिकेंतील मर्यादा लिटरमागें हीच. जागतिक आरोग्य संघटनेचा आंकडा १०,००० बेकरेल, कानडांतील ऑन्टारिओ प्रांताचा ७,०००, युरोपीय संघाचा १००. या शेवटच्या आंकड्यानें पुष्कळांची फसगत होते. तो अपायाची सीमा नसून ‘येथून पुढें कारण शोधा’ अशी खूण आहे. हे चार आंकडे एका पंक्तींत बसवून वाद घालणें व्यर्थ होय.

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अशा तक्त्यांत पुष्कळदां आंकड्याऐवजीं ‘शोधमर्यादेखालीं’ असा शेरा असतो, आणि वाचणारे त्याचा अर्थ ‘शून्य’ असा करितात. आपल्या शास्त्रकारांनीं याचा निर्णय फार पूर्वीं केला आहे. न दिसणें हें नसण्याचें प्रमाण केव्हां ? जी वस्तु असती तर दिसलीच असती, तिच्या बाबतींतच. यासच योग्यानुपलब्धि म्हणतात. अंधारांत घट दिसला नाहीं म्हणून घटाभाव सिद्ध होत नाहीं. तेव्हां यंत्रास त्या दिवशीं किती सूक्ष्म अंश दिसूं शकत होता, तो आंकडा शेऱ्याशेजारीं नसेल तर तो शेरा प्रमाण नव्हे. लिटरमागें दहा बेकरेलच पाहूं शकणाऱ्या यंत्राचें ‘नाहीं’ आणि एक बेकरेल पाहणाऱ्याचें ‘नाहीं’ हीं दोन निरनिराळीं विधानें आहेत. यंत्रें बदलत गेलीं, म्हणून या शेऱ्याचा अर्थही दशकागणिक बदलत गेला आहे. जुने तक्ते नव्यानें छापतांना ही मर्यादा गाळणें म्हणजे पोथीचा समास कापून टाकणें होय.

सदोष असली तरी नोंदच काय ती उरते, याचें उदाहरण जपानचें घ्यावें. फुकुशिमाच्या अपघातानंतर, २२ मार्च २०११ रोजीं टोकियोच्या कानामाची जलशुद्धिकेंद्रांतील पाण्यांत किलोमागें २१० बेकरेल आयोडीन-१३१ आढळला. तान्ह्या मुलांकरितां मर्यादा १०० ची होती. दुसरे दिवशीं लोकांस सूचना मिळाली. त्यापुढील नमुन्यांत तो ७९ वर उतरला. आयोडीन आठ दिवसांत निम्मा होतो. तें पाणी बाटलींत भरून ठेविलें असतें तरी वर्षानें त्यांत कांहींच सांपडलें नसतें. येथें मूळ वस्तूच नाहींशी होते, आणि तिची प्रत तेवढी मागें राहते.

तारापुरीं या दृष्टीनें एक काम शिल्लक आहे. भट्टी क्रमांक ३ व ४ यांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठवून इतरत्र वसविलीं गेलीं. गांव उठलें कीं तेथील विहिरीचें पाणी कोणी पीत नाहीं, व त्या विहिरीच्या नोंदींची मालिका असल्यास तीही तेथेंच तुटते. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरींत पोटॅशियम अधिक असतो, त्यामुळें एकंदर बीटा-किरणांचें मान निसर्गतःच चढें येतें. म्हणून विहीर गोडी होती कीं मचूळ, किती खोल होती, उन्हाळ्यांत आटे कीं नाहीं, हें ठाऊक असल्यावांचून जुना आंकडा लावतां येत नाहीं. त्या गांवांतील वृद्धांकडून विहिरींची अशी यादी करून घेण्यास पालघर-डहाणूकडील सभासदांपैकीं कोणी पुढें आल्यास, ती या त्रैमासिकांत छापण्याविषयीं संपादकांस विनंति करतां येईल.